लेकीचं टोरंटो, लेकाचं बंगळूरू

(वाचकांचे खाण्यापिण्याचे प्रश्न आणि उत्तरं. आमचे स्तंभलेखक मूळचे उदगीरचे. मुंबईतल्या हॉटेलांत आणि नंतर जहाजांवरच्या भटारखान्यांत नोकरी करून आता लातूरला स्थायिक आहेत.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, राहणार औसा. मुलगी टोरंटोला असते, मुलगा बंगळूरूला. दिवाळीला दोघं एकत्र आले की दरवर्षी एकच भांडण. मुलगी म्हणते, तिच्याकडं जसं चायनीज, जपानी, थाई जेवण मिळतं तसं भारतात कुठंच मिळणार नाही. मुलगा म्हणतो, बंगळूरूत सगळं मिळतं आणि आपल्या जिभेला रुचेल असं मिळतं. सून मुंबईची. तिच्या मते मुंबईपुढं बाकी सगळी शहरं फिकी. मी स्वतः चायनीज खाल्लं ते बसस्टँडसमोरच्या गाडीवर, तेही नातवाच्या हट्टापायी. मोठ्या शहरांत आशियाई जेवणाचा पहिला नंबर कुणाचा, निवाडा तुम्हीच करा.

उत्तर : गुरुजी, निकाल आधी सांगून टाकतो. चायनीजमध्ये लेक जिंकली, सूनबाई हरल्या, लेकाला अर्धे मार्क. आता पेपर कसा तपासला ते ऐका.

तुम्ही जन्मभर निकाल लावलेत, तेव्हा हे तुम्हाला लगेच पटेल. पोरगं हुशार की ढ हे नुसत्या टक्क्यांवरून कळत नाही, विषयवार मार्क बघावे लागतात. शहरांचंही तसंच. कोरियन जेवणात पहिलं येणारं शहर थाई जेवणात नापास होऊ शकतं. म्हणून ‘आशियाईत पहिलं कोण’ हा प्रश्न मी आधी फोडून घेतो, आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारतो, की इथला आचारी कुणासाठी रांधतो?

हे मी जहाजावर शिकलो. वर साहेब लोकांच्या डायनिंग हॉलमध्ये ‘ओरिएंटल नाइट’ असायची. कागदी कंदील, टेबलावर चॉपस्टिक, आणि ताटात कॉर्नफ्लोअरनं घट्ट केलेलं, कुणालाच न दुखवणारं काहीतरी गोडसर. त्याच वेळी खाली क्रू मेसमध्ये फिलिपिनो पोरं स्वतःसाठी अडोबो करायची. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तेजपत्ता आणि मिरे, त्यात कोंबडी मंद आचेवर शिजत ठेवलेली. वरचे साहेब तो वास घेत खाली उतरायचे. गॅस तोच, किराणा तोच, कधीकधी आचारीसुद्धा तोच. फरक एवढाच की खाली चुकलं तर बोलणारी माणसं बसलेली असायची.

आता टोरंटो. तिथं चिनी माणसं लाखांनी आहेत, आणि रोज बाहेर खाणारी आहेत. हाँगकाँग 1997 साली चीनच्या ताब्यात जाणार हे ठरल्यावर तिथली बरीच कुटुंबं कॅनडात आली. त्यांच्यासोबत चांगले आचारीही आले. व्हँकूव्हरला जहाज लागलं की आम्ही शेजारच्या रिचमंडला जायचो. त्या गावातली निम्म्याहून अधिक माणसं चिनी वंशाची. दुपारी डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या-छोट्या पदार्थांच्या हॉटेलात आज्या, सुना, लेकरं अशी आख्खी घरं बसलेली दिसतील. ‘हार गाव’ म्हणजे कोळंबी भरलेला वाफवलेला मोदकच, त्याचं आवरण जरा जाड झालं तर आजी वेटरला तिथंच सुनावते. असं गिऱ्हाईक असल्यावर आचाऱ्याची काय बिशाद आळस करायची! टोरंटोच्या स्कारबरो आणि मार्कमकडं हीच तऱ्हा आहे.

पण लेकाचं म्हणणं असं की आपल्या जिभेला रुचणारं तिकडं मिळत नाही. त्याला विचारा, टोरंटोतली ‘हक्का चायनीज’ हॉटेलं कुणाची आहेत? आपल्या कोलकात्याची! वॉरन हेस्टिंग्जच्या काळापासून कोलकात्यात चिनी वस्ती आहे. कँटनचे लोक सुतारकामात, हक्का या चिनी समाजाचे लोक चामड्यात आणि बूट बनवण्यात. 1962 च्या युद्धानंतर सरकारनं देशातल्या चिनी वंशाच्या हजारो माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. यातली बरीच माणसं जन्मानं इथलीच. सुटून आल्यावर अनेकांची घरंदारं, धंदे राहिले नव्हते. पुढं बरीच कुटुंबं कॅनडाला गेली आणि जाताना चिली चिकन, हक्का नूडल्स, मंचुरियन घेऊन गेली. म्हणजे तुमची लेक स्कारबरोत जे हक्का चायनीज खाते ते कोलकात्यातल्या टँग्रा या चिनी वस्तीच्या घराण्यातलं, आणि लेकाला बंगळूरूत जे ‘आपल्या जिभेचं’ वाटतं तेही त्याच घराण्यातलं. भांडण निम्मं तर इथंच मिटलं.

कोलकात्याचं नाव निघालंच आहे तर जरा थांबतो, कारण भारतात चायनीजपुरता माझा पहिला नंबर तिथंच जातो. टँग्रा हा मुळात कातडी कमावण्याच्या कारखान्यांचा भाग. 1996 साली सुप्रीम कोर्टानं कारखाने बानतलाला हलवायचा आदेश दिला आणि तिथल्या कुटुंबांना हॉटेलांचा आणखी आधार घ्यावा लागला. तिथं संध्याकाळी गर्दी असते, पण मला विचाराल तर पहाटे टिरेटी बाजारात जा. लालबझार पोलीस मुख्यालयाच्या मागं. उजाडायच्या सुमाराला ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत फिशबॉलचं सूप उकळत असतं, बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते बाव, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव निघतात. सूप म्हणजे नुसतं पाणी वाटावं इतकं निवळ, आणि तोंडात घेतलं की मासा, आलं, कांद्याची पात वेगवेगळी कळते. कॉर्नफ्लोअरचा कण नाही. ऊन चढलं की बाजार आटोपतो. विकणाऱ्या चिनी बायका आता मोजक्याच उरल्यात, शेजारी मोमोवाले वाढलेत. ज्याला जायचंय त्यानं लवकर जावं.

मुंबईची गोष्ट निराळी. ताजमहाल हॉटेलात 1973 साली गोल्डन ड्रॅगन सुरू झालं, तिथून सिचुआन पद्धतीचं जेवण आपल्याकडं बड्या घरांत माहीत झालं. 1975 च्या सुमाराला कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही फोडणी आपली, त्यात गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. मंचुरियात जाऊन कुणी मंचुरियन मागितलं तर लोक तोंडाकडं बघतील! पैसा टाकायची तयारी असेल तर मुंबईत जपानी मासा विमानानं येतो, थाई शेफ येतो, सगळं येतं. पण मुंबईत चिनी वस्ती किती उरली? माझगावात एक जुनं देऊळ आणि थोडी घरं. जपानी, कोरियन कुटुंबं एका भागात दाटीनं राहतात असंही नाही. म्हणून मुंबईतलं उत्तम जेवण हे सूनबाईंसारख्या हौशी आणि सढळ हाताच्या गिऱ्हाइकासाठी केलेलं असतं. चांगलं असतं, महाग असतं, आणि वर्ष-दोन वर्षांत शेफ बदलला की चव बदलते.

मग अर्ध्या मार्कांचं बंगळूरू. जेवायला कुठं जावं हे कधीकधी मोटारीच्या कारखान्यांवरून कळतं, हा माझा लाडका सिद्धांत आहे. बंगळूरूजवळ बिडदीला टोयोटाचा कारखाना आला, जपानी इंजिनियर आले, त्यांना घरचं जेवण हवं झालं. बंगळूरूत नेटकी जपानी हॉटेलं दिसतात त्यामागं ही माणसं आहेत. गुरुग्राममध्ये मारुती-सुझुकीपासून हेच घडलं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला ह्युंदाई आली, 1998 साली तिथून सँट्रो बाहेर पडली, आणि पाठोपाठ कोरियन खाणावळी आल्या. तिथं मुख्य पदार्थाआधी किमची (आंबवलेला तिखट कोबी), मोड आलेले दाणे, पालक, बटाटा अशा छोट्या वाट्या मांडतात, आणि संपल्या की न मागता भरतात, पैसे नाहीत. आपल्याकडं पंगतीत कोशिंबीर-चटणी वाढतात तेच की! कोरियन जेवायचं तर मी मुंबई सोडून चेन्नईचं तिकीट काढीन. शिवाय तिथं बर्मा बाजारच्या बाजूला गाड्यांवर अथो मिळतं. 1962 नंतर ब्रह्मदेशातून परतावं लागलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेला पदार्थ. जाड नूडल्स, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, सगळं हातानं कालवून देतात, सोबत केळीच्या खुंटाचं सूप. गाडीवाल्याच्या हाताचा वेग बघत उभं राहावं.

तिबेटी जेवण आणि ईशान्येकडचं खाणं यात दिल्लीला तोड नाही. पहिल्यासाठी तिथला मजनू का टिला, दुसऱ्यासाठी हुमायूनपूर. एवढं सांगून पुढं जातो, कारण मला मोमोचं फार कौतुक नाही.

परदेशातलं एकच शहर निवडायचं तर मी सिंगापूर निवडीन. कारण हॉकर सेंटर. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारनं 1970-80 च्या दशकांत पाणी, गटार, छप्पर असलेल्या मंडयांत आणून बसवलं. 2020 साली युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला मानवाचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. तिथं एकेक माणूस जन्मभर एकच पदार्थ करतो. चिकन राइस बघा. कोंबडी उकळत्या नाही, जेमतेम हलणाऱ्या पाण्यात शिजवायची, बाहेर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. त्यानं कातडी आवळते आणि तिच्याखाली रस थिजून पातळ थर धरतो. भात मात्र कोंबडीच्या चरबीत आलं-लसणावर परतून त्याच पाण्यात शिजवतात, वर पांदानचं सुवासिक पान. आणि भात खाऊनच ठरवतात दुकान कसंय. मसाला म्हणावा तर काहीच नाही, त्यामुळं लपवायलाही जागा नाही. आपल्याकडं हे नीट होत नाही ते आचारी कमी म्हणून नव्हे. कोंबडी दुपारपर्यंत संपलीच पाहिजे, उरवून संध्याकाळी ग्रेव्हीत घालता येत नाही, हे आपल्या हॉटेलवाल्याला परवडत नाही. 2016 साली तिथल्या एका चिकनवाल्याला मिशेलिनचा, म्हणजे हॉटेलांना मार्क देणाऱ्या नामांकित गाइडचा, तारा मिळाला तेव्हा जगाला नवल वाटलं. खलाशांना नाही वाटलं.

टोकियोबद्दल लोक विचारतात. मिशेलिनच्या ताऱ्यांत ते शहर जगात सगळ्यांच्या पुढं आहे, खरंय. पण जपानी जेवण सोडून बाकीचं तिथं जपानी जिभेप्रमाणं वळवलेलं असतं. थाई तर आणखीच वेगळी भानगड. थाई सरकारनंच 2002 च्या सुमाराला जगभर थाई हॉटेलं वाढवायचा कार्यक्रम हाती घेतला, आचारी शिकवले, कर्जाची सोय केली. त्यामुळं मेलबर्न असो की म्युनिक, हिरवी करी, लाल करी, पाड थाई ओळखीचंच लागतं. फार वाईट नाही, फार थोरही नाही. लॉस एंजेलिसला थाई वस्ती दाट आहे म्हणून तेवढं एक शहर मी वेगळं काढतो. सिडनीत व्हिएतनामी जेवायचं तर कॅब्रामॅटा गाठावं, 1975 नंतर निर्वासित होऊन आलेल्या माणसांचं ते गाव.

लंडनची एक गोष्ट तुमच्या औश्याच्या शेतकऱ्यांना सांगण्याजोगी आहे. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातले भातशेतकरी थायलंडच्या स्वस्त तांदळापुढं टिकेनात, तेव्हा 1950-60 च्या दशकांत गावंच्या गावं इंग्लंडला जाऊन हॉटेलात राबू लागली. लंडनच्या चायनाटाउनमध्ये त्यांचा वाटा मोठा. आणि तिथली ‘इंडियन’ हॉटेलं बघाल तर बरीचशी सिल्हेटच्या बांगलादेशी माणसांची. त्यांचे आजे-पणजे इंग्रजांच्या जहाजांवर इंजिनखोलीत आणि भटारखान्यात होते, बंदरात उतरले ते तिथंच राहिले. म्हणजे आमच्याच बिरादरीतले.

शेवटी एक विचारू का गुरुजी? तुमच्या घरात कुणालाच हैदराबाद कसं आठवलं नाही? अरबस्तानही आशियातच येतो, भूगोल तुम्हीच शिकवला असेल. निजामाच्या पदरी येमेनच्या हद्रमौतमधले सैनिक होते. हैदराबादेतल्या बारकसला त्यांची वस्ती, आणि तिथं मंदीचं, म्हणजे येमेनी पद्धतीच्या मटण-भाताचं, मोठं ताट मधोमध ठेवून सगळे भोवती बसतात. हलीम तर आहेच, 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. 1948 पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. औश्यातून टोरंटोचं तिकीट काढण्यापेक्षा हे जवळ पडतं. पुढच्या दिवाळीत दोन्ही लेकरांना आणि सूनबाईंना गाडीत घाला आणि बारकसला न्या. तुम्ही शाकाहारी असाल तर तेवढं आधी सांगा, बेत बदलून देतो.

प्रश्न : मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. आमच्या इथल्या गाडीवरचा शेजवान राइस आणि पुण्यातला शेजवान राइस यांची चव वेगळी लागते. खरा कुठला?

उत्तर : दोन्ही खोटे, आणि दोन्ही खायला हरकत नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात तिखटासोबत जिभेला मुंग्या आणणारे एक प्रकारचे मिरे असतात, आणि बाकल्याच्या दाण्यांची मिरची घालून महिनोन् महिने आंबवलेली चटणी असते. आपल्या शेजवान चटणीत यातलं काहीच नसतं. लाल मिरची, भरपूर लसूण, तेल, व्हिनेगर, साखर, झालं. पुण्यात बाटलीतली चटणी वापरत असतील, तुमचा गाडीवाला घरी वाटत असेल. मला विचारशील तर तुझा गाडीवाला बरा. मुंग्यांची चव बघायचीच असेल तर कोकणातून कुणाकडून तिरफळं मागव, ती त्या सिचुआनी मिऱ्यांच्या भावकीतलीच. टरफल तेवढं भाजून कुटायचं, आतली काळी बी टाकून द्यायची.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको माळकरी, राहणार परभणी. मुलानं सिंगापूर-बँकॉकची सहल ठरवली आहे. तिथं आमच्या पोटात काय पडणार? थालीपीठ आणि दशम्या किती दिवस पुरवाव्यात?

उत्तर : माऊली, दशम्या न्याच, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. सिंगापूरची काळजी सोडा. लिट्ल इंडियात 1947 पासून चालणारं कोमला विलास आहे, इडली-डोसा-भात मिळेल. बँकॉकला मात्र नुसतं ‘व्हेजिटेबल’ म्हणून मागवू नका. भाजीतही माशाचा सॉस, शिंपल्यांचा सॉस घालतात आणि त्याला कुणी मांसाहार समजत नाही. पिवळ्या रंगावर लाल थाई अक्षर लिहिलेला झेंडा किंवा पाटी ज्या दुकानावर दिसेल तिथं जा. तिथं ‘जे’ पद्धतीचं जेवण असतं. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. म्हणजे एकादशी सोडून बाकी कुठल्याही दिवशी तुम्हाला चालेल. फक्त ताटात कोंबडीसारखं, बदकासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं आणि गव्हाच्या सत्त्वाचं केलेलं असतं. आपलं सोयाबीन कुठं कुठं जातं बघा! पपईचं सॅलड मागवलंत तर वाळलेली कोळंबी आणि माशाचा सॉस दोन्ही नको म्हणून आधी सांगा. सोबत शेंगदाण्याची चटणी ठेवा, पांढऱ्या भातावर कामाला येते.

प्रश्न : अजिनोमोटो विष आहे का? एका वाक्यात सांगा. (एक गृहिणी, हिंगोली)

उत्तर : नाही. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ती चव वेगळी काढली, टोमॅटोतही ती असते. दुसरं वाक्य फुकट : गाडीवाला मुठीनं टाकतो तो हाडांचा स्टॉक करायचा कंटाळा म्हणून.

प्रश्न : मी नांदेडचा. लातूरला क्लासेसच्या भागात कोरियन फूडचं छोटं दुकान टाकायचा विचार आहे. पोरं कोरियन सीरियल बघतात, रामेन मागतात. चालेल का?

उत्तर : रामेन चालेल, पण ते पाकिटातलं रामेन तुझ्या शेजारचा किराणावालाही विकतोय, पोरं होस्टेलवर स्वतः करून खातील. तुला चालवायचं असेल तर किमबाप कर. समुद्री शेवाळाच्या पानात भात, गाजर, काकडी, पालक, अंड्याची पोळी गुंडाळायची आणि चकत्या कापायच्या. एका हातात वही, एका हातात किमबाप, क्लासला जाता जाता खाता येतं. तांदूळ मात्र बुटका आणि चिकट लागतो, बासमती आणि कोलम दोन्ही सुटतात. इंद्रायणीवर आधी करून बघ.

किमची बाहेरून विकत घेऊ नकोस, घरी घाल. चिनी कोबी आपल्याकडं रोज मिळत नाही, साधा कोबी चालतो, मुळा तर फार छान लागतो. पण आपल्या उन्हाळ्यात ती बाहेर ठेवलीस तर एका रात्रीत आंबून फसफसेल, म्हणून पहिला खर्च फ्रिजवर, पाटीवर नाही. शाकाहारी पोरं येतील तेव्हा त्यांच्यासाठी माशाचा सॉस न घालता वेगळी बरणी कर आणि बरणीवर तसं मोठ्या अक्षरांत लिही. दर वडापावच्या दुप्पट-तिप्पट ठेवता येईल, त्यापुढं पोरांच्या खिशाला झेपायचं नाही. ती महिनाभराच्या मेसचे पैसे आधीच भरून बसलेली असतात. परीक्षा संपल्या की लातूर रिकामं होतं, तेव्हा भाडं ठरवताना ते महिने धरून बोल. दुकान सुरू झालं की कळव, मी शिवाजी चौकातून चालत येईन.